सकाळी कोण येणार

माझी मदतनीस प्रेसिला अंगणातल्या बर्फावरून घसरून पडली, तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मी आत पलंगावर होते. तिची किंकाळी ऐकू आली, पण मला उठता येत नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी बाबांच्या पिकअपच्या हौद्यातून पडले, तेव्हापासून माझं मानेखालचं काहीच हलत नाही. माझा फोन आवाजावर चालतो, त्याला ओरडून मी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. जाताना स्ट्रेचरवरून ती म्हणाली, "एर्नेस्टीन, मिरचीच्या रश्शाखालचा गॅस चालू आहे गं!"

नऊ वर्षं तीच माझ्या सकाळी सांभाळत होती. आमच्या राज्यात अशी योजना आहे की माझ्या मदतीला कोण येणार ते मीच ठरवायचं. आधी दात की आधी केस, तेही मीच सांगायचं. कामावर ठेवणार मी, काढणारही मी, पगार सरकारचा. ऐकणाऱ्याला हे मोठं स्वातंत्र्य वाटतं. आहेच ते. पण उत्तर न्यू मेक्सिकोच्या डोंगरात, दीडशे उंबऱ्यांच्या गावात माणूसच मिळत नसेल, तर निवडायचं कुणाला?

योजनेच्या लुसेरोबाई सोमवारी आल्या. वाईट नाहीत त्या. खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर ओढून बसतात.

"शुक्रवारपर्यंत सकाळचं माणूस मिळालं नाही, तर तुला शहरातल्या शुश्रूषा केंद्रात जावं लागेल. तिथे एक खाट रिकामी आहे. थोड्याच दिवसांसाठी."

"मागच्या वेळीही थोड्याच दिवसांसाठी होतं," मी म्हटलं. "चौदा महिने काढले मी तिथे."

तेव्हा मी वीस वर्षांची होते. अंघोळ मंगळवारी आणि शनिवारी. रात्रीचं जेवण दुपारी साडेचारला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी वारली, ते मला तिची चादर बदलताना कळलं.

ब्रिजिडा मला रात्री झोपवायला येते, पण सकाळी ती शाळेच्या खानावळीत असते; फार तर कामाआधी पाच मिनिटं डोकावून जाते. तिच्याकडून गावात, चर्चमध्ये, पेट्रोल पंपावर चिठ्ठ्या लावून घेतल्या. एक बाई आली. माझ्याकडे बघून तिने ब्रिजिडाला विचारलं, "हिला कळतं का सगळं?"

"कळतं," मी म्हटलं. "दार कुठे आहे तेही कळतं. निघ तू."

ती गेली आणि मी तासभर स्वतःला शिव्या घातल्या. एवढा ताठा कशाला? हात तर होते ना तिला!

मंगळवारी झोरायदा नावाची बाई भेटून गेली. बुधवारी सातला येते म्हणाली. तिला आत येता यावं म्हणून रात्री जाताना ब्रिजिडाने बाहेरच्या दाराला कुलूप लावलं नाही. फोन चार्जरला लावायचं मात्र ती विसरली.

सात वाजले. आठ वाजले. झोरायदा फोन उचलत नव्हती. साडेआठला फोनने बॅटरी संपल्याचा शेवटचा आवाज केला. आधी तहान लागली. मग डोकं ठणकायला लागलं. चेहऱ्यावर घामाच्या धारा सुरू झाल्या तेव्हा मला कळलं: लघवीची नळी कुठेतरी दुमडली होती. पोटात दुखलेलं मला जाणवत नाही, पण रक्तदाब चढत जातो, आणि अशाने माणूस मरतो. डॉक्टरांनी मला पहिल्याच वर्षी बजावलं होतं. मी ओरडले. ओरडले की डोकं जास्तच फुटायचं. थांबायचे, पुन्हा ओरडायचे. खिडकीत ऊन चढत होतं. शेजाऱ्यांची कोंबडी ऐकू येत होती, माणूस एकही नाही. आईची आठवण काढून मी रडले, आणि नाकातलं पाणी पुसायलाही कुणी नव्हतं.

अकराच्या सुमाराला गॅसची गाडी आली. अबेनिसिओकाका, बाबांच्या वयाचे, महिन्यातून एकदा टाकी भरायला येतात.

"कोण ओरडतंय? पोरी, तू आहेस का?"

"काका, आत या! बूट राहू द्या!"

ते दारात थबकले. हातात टोपी. मी नाइटगाऊनवर होते.

"कुणा बाईला बोलावतो—"

"बाई येईपर्यंत मी मरेन. आधी पलंगाचं बटण दाबा, डोकं वर करा. हं. आता पांघरूण काढा. नळी दिसते? तिच्यामागे पिशवीपर्यंत जा. कुठे दुमडलीय?"

"मांडीखाली."

"सोडवा. ओढू नका, नुसती सरळ करा."

त्यांनी मांडी उचलून नळी सरळ केली. नळी मोकळी झाली, पिशवी भरू लागली, आणि हळूहळू ठणका उतरला. काकांनी मला पाणी पाजलं, तोंड पुसलं, मग जमिनीवरच बसले आणि माझ्याहून जास्त रडले.

"काका, कुणाला सांगू नका."

"कसं नको सांगू, पोरी?"

त्यांनी लुसेरोबाईंना सांगितलं. शुक्रवारी मला केंद्रात नेलं.

तिथे गालाने दाबायची घंटा मागितली, तर म्हणाले सोमवारी येईल. कुठला सोमवार ते नाही सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात पडून पडून टाचेला जखम झाली. मी रोज फोनवर माणसं शोधायचे आणि रोज नकार ऐकायचे. हळूहळू फोन कमी झाले. साडेचारच्या जेवणाची भूक चारलाच लागायला लागली, तेव्हा मी घाबरले. मी तिथलीच व्हायला लागले होते.

चौथ्या आठवड्यात कोरीन नावाची नवी मदतनीस आली. शर्ट हातात घेऊन तिने मला विचारलं, "आधी उजवी बाही की डावी?"

मी हुंदके देऊन रडायला लागले.

"माझं काही चुकलं का हो?"

"नाही. आधी डावी."

तीन दिवस धीर गोळा करून मी तिला म्हटलं, "माझ्या घरी कामाला ये."

"पाऊण तासाचा रस्ता आहे. त्यात बर्फ."

"आठवड्यातून चारच दिवस ये. हात जोडले असते गं, पण तेही तुलाच जोडून द्यावे लागतील."

ती हसली. नऊ दिवस नजर चुकवत राहिली. दहाव्या दिवशी माझे केस विंचरताना हळूच म्हणाली, "सोमवार ते बुधवार, आणि शुक्रवार. आईला विचारलं मी."

एक्कावन्नाव्या दिवशी मी घरी आले. टाचेची जखम अजून भरलेली नाही. शनिवार-रविवार ब्रिजिडा सांभाळते. गुरुवार रिकामा आहे. त्या दिवशी ती शाळेआधी येऊन पाणी पाजते, नळी तपासते, आणि दुपारी चारपर्यंत मी पलंगावर एकटी असते. लुसेरोबाईंनी हा धोका मला मान्य असल्याचा कागद वाचून दाखवला. मी पेन दातांत धरून सही केली. दर गुरुवारी दुपारी बाराच्या आसपास वाटतं, चूक केली.

काल गुरुवारसाठी लावलेली चिठ्ठी वाचून एका बाईचा फोन आला. आवाजावरून वयस्कर वाटली. भेटायला येते म्हणाली. मी तिला पत्ता दोनदा सांगितला.