मोतीरामच्या डाव्या पायाखाली

मित्रांनो, गाडीत बसलात की तुम्ही खिडकी पाहता, आरसा पाहता, जमलं तर हॉर्न वाजवून पाहता. खाली कोण पाहतो? ड्रायव्हरच्या पायाशी तीन पेडल असतात. त्यातला सगळ्यात डावीकडचा, रबर फाटलेला, झिजून चपटा झालेला जो असतो ना, तो मी. क्लचचा. मोताळा ते बुलढाणा चालणाऱ्या एका काळ्या-पिवळ्या जीपमध्ये माझं आयुष्य गेलं. ते कसं गेलं ते सांगतो, पण गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मागून कुरकुर नको.

कारखान्यात मला ठोकून वाकवलं, काळा रंग दिला, वर नवं कोरं रबर चढवलं. तिथेच माझी बेअरिंगशी गाठ पडली. गोल, चकचकीत, बोलायला गोड. ते आत, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये जाऊन बसलं. मी बाहेर राहिलो, पायाखाली. आमचं काम जोडीचं. ड्रायव्हरने मला दाबलं की मी बेअरिंगला ढकलायचं, त्याने पुढे सरकून क्लच सोडवायचा, मग गिअर पडायचा. पाय उचलला की दोघांनाही सुट्टी. ही सुट्टी मात्र मिळायलाच हवी. पाय नुसता माझ्यावर टेकवून ठेवला तरी आतलं बेअरिंग पुरतं सुटत नाही, गाडी चालेल तोवर बिचारं घासत फिरत राहतं.

मोतीरामने आम्हाला घरी आणलं तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या. मोताळ्यापासून आत, शेतातल्या वस्तीवर त्याचं घर. भाजीपाला पिकवणारी माणसं. पहाटे टपावर वांगी आणि मेथीच्या जुड्या, आत माणसं, आणि गाडी निघाली राजूर घाट चढायला. मोतीराम चप्पल काढून अनवाणी गाडी चालवायचा. गाडीला लक्ष्मी म्हणायचा आणि लक्ष्मीवर चप्पल कशी ठेवायची, असं त्याचं म्हणणं. त्याच्या टाचेची प्रत्येक भेग मला पाठ होती. दसऱ्याला त्याची बायको कौशल्याबाई गाडीला झेंडूचा हार घालायची आणि वाकून आम्हा तिघा पेडलांनाही कुंकू लावायची. मोठमोठ्या गाड्यांच्या नशिबी हे येत नाही. प्रवासी म्हणायचे, "मोतीरामभाऊची गाडी म्हणजे लोणी." माझी छाती भरून यायची. छाती नाही मला, पण भरून यायची.

मग त्याची मुलगी अर्पिता मोठी झाली.

पोरगी हुशार. बुलढाण्याच्या कॉलेजात डी. फार्मसीला नंबर लागला. मोताळ्यात स्वतःचं मेडिकल टाकायचं, असं तिने घरात सांगून टाकलं होतं. पण घरात शब्द चालायचा तो मोतीरामच्या थोरल्या भावाचा, शेषरावांचा. ते ओट्यावर बसून म्हणाले, "पोरगी बापाच्या गाडीत जाईन, बापाच्या गाडीत येईन, तं शिकू द्या. दुसऱ्या गाडीत पाय ठेवला का शिक्षण बंद."

मोतीराम म्हणाला, "हाव दादा."

तर मित्रांनो, त्या दिवसापासून अर्पिताचं कॉलेज आमच्या चाकांवर होतं. गाडी चालली तर कॉलेज, गाडी थांबली तर चूल.

मोतीराम तिला आपल्याशेजारी बसवायचा. मागे माणसं एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी कोंबलेली, तिथे पोरीला कोणाचा धक्का नको, ही बापाची काळजी. पलीकडे खिडकीशी एखादी बाई, मध्ये अर्पिता, आणि तिच्या पायाशी तिची जाडजूड पुस्तकांची बॅग. आता ऐका हं नीट. ड्रायव्हरचा डावा पाय काम नसलं की माझ्या बाजूला, खालच्या पत्र्यावर विसावतो. पण तिथे आता बॅग होती आणि पोरीचे पाय होते. मोतीरामने आपला पाय आवरून घेतला, तिला जागा करून दिली. आणि आवरलेला पाय जाणार कुठे? आला माझ्यावर. ठेवला असंही म्हणवत नाही, आपोआप आला आणि घाट चढून उतरेपर्यंत तिथेच राहिला. रोज. त्याचं त्यालाही कळलं नाही.

पहिलं वर्ष असंच गेलं. बेअरिंग आतून कण्हायचं. मी ऐकत होतो, पण मला तोंड कुठे आहे?

दुसऱ्या वर्षी आवाज बाहेर आला. चीं चीं चीं, पोत्यात कोंडलेल्या चिचुंदरीसारखा. मजा अशी की मला पुरतं दाबलं की आवाज गप्प, पाय पुरता उचलला तरी गप्प. फक्त हलका भार असला की चालू. मोतीरामला काही उमजेना. त्याने वाकून पाहिलं आणि सगळा दोष माझ्यावर टाकला. माझ्या सांध्यात गोडेतेल ओतलं, ग्रीस फासलं, स्प्रिंग बदलली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

गाडीत आवाज आला की प्रत्येक प्रवासी डॉक्टर होतो. कोणी म्हणालं पट्टा, कोणी म्हणालं चाक. भाजीची टोपली घेऊन रोज येणारी रुखमाबाई म्हणाली, "गाडीले नजर लागली तुह्या. लिंबू बांध." लिंबू बांधलं. चीं चीं चालूच.

शेवटी मोतीरामने गाडी भागवत मिस्त्रीकडे नेली. भागवतचं गॅरेज बुलढाण्याला, माणूस कामाला पक्का, तोंडाने थोडा तिखट. त्याने विचारलं, "केव्हा येते आवाज?"

"चालता चालता. सारखा येऊन राह्यला."

"चला, दाखवा."

दोघं रिकामी गाडी घेऊन निघाले. शेजारी अर्पिता नाही, बॅग नाही. मोतीरामचा पाय आपला ऐसपैस पत्र्यावर. आवाज येईल कसा? गाडी गुणी बाळासारखी चालली. भागवतने डोकं खाजवलं. "भरली का येते, रिकामी असली का नाही. म्हणजे मागचे जॉईंट गेले." त्याने ते बदलले. दुसऱ्या दिवशी घाटात पुन्हा चीं चीं.

"आता भरल्या गाडीत बसतो," भागवत म्हणाला, आणि खरोखर एका सकाळी मोताळ्याला येऊन उभा राहिला. मला वाटलं, सुटलो. आज कळणार. गाडी खच्चून भरली. पण मिस्त्रीला आवाज ऐकायचा, म्हणून अर्पिता समजूतदारपणे उठली आणि बॅग घेऊन मागे रुखमाबाईजवळ जाऊन बसली. भागवत आपला काडी पैलवान, तिच्या जागी अंग चोरून बसला. मोतीरामचा पाय पुन्हा पत्र्यावर. अख्खा घाट चढलो, एक चीं नाही. मी आतल्या आत डोकं आपटून घेत होतो. जिच्यामुळे आवाज येत होता तिलाच तुम्ही उठवलं रे बाबांनो.

वर पोचल्यावर भागवत उतरला आणि म्हणाला, "मोतीरामभाऊ, तुम्हाले भास होते. कान दाखवा कोणाले तरी."

सगळे हसले. मोतीरामही हसला. परतीच्या वाटेत अर्पिता पुन्हा शेजारी आली आणि चीं चीं सुरू झाली. ती म्हणाली, "बाबा, मले तं येते ऐकू." त्याने हॉर्न दाबला आणि वळण घेतलं. पुढे त्याने त्या आवाजाचा नाद सोडला, जसा आपण म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्याचा सोडतो. मधल्या महिन्यांत आवाज बदलला, चीं चीं जाऊन घर्र घर्र झाली. बेअरिंगमधलं तेल संपलं होतं. तेही कोणी विचारलं नाही.

घाटातल्या वळणावर एका सकाळी बेअरिंग फुटलं. मोतीरामने मला दाबलं तो मी खाली गेलो आणि खालीच राहिलो. गिअर पडेना, गाडी आचका देऊन बंद झाली. मोतीरामने हँडब्रेक ओढला, खाली उतरून चाकामागे दगड लावला. मागून एसटी आली. माणसं भराभरा तिच्यात चढली.

अर्पिता बॅग छातीशी धरून उभी होती. "बाबा, मी जाऊ काय याच्यात? आज प्रॅक्टिकल आहे."

मोतीरामने एसटीकडे पाहिलं. आत दोन-तीन चेहरे ओळखीचे होते, गावाकडचे. तो म्हणाला, "दादाले समजलं तं काय म्हणतीन."

"दोन टप्प्याचं तं अंतर आहे."

"नको माय. थांब. गाडी होते दुरुस्त."

एसटी गेली. पोरगी येऊन पुन्हा माझ्याजवळ सीटवर बसली. मला तेव्हा मोतीरामचा भयंकर राग आला. इतकी वर्षं अनवाणी पाय सोसला, पण असा राग कधी आला नव्हता.

ओढत गाडी भागवतकडे नेली. त्याने गिअरबॉक्स उतरवला आणि बेअरिंग हातात घेतलं. निळं पडलेलं, गोळ्या बाहेर आलेल्या. बेअरिंगने आजूबाजूचे भागही खाऊन टाकले होते, गिअरबॉक्सचं तोंडही कापलं गेलं होतं. भागवत बराच वेळ ते फिरवून पाहत राहिला. मग सरळ झाला. या वेळी त्याच्या बोलण्यात तिखटपणा नव्हता.

"मोतीरामभाऊ, पाय क्लचवर ठेवून चालवता काय?"

मोतीरामने आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. मग गाडीतल्या त्या जागेकडे, जिथे बॅग असायची. मग बाहेर पाहिलं. अर्पिता गॅरेजच्या दाराशी जुन्या टायरवर बसली होती आणि ऐकत होती. सगळं त्याच्या ध्यानात आलं, मी त्याचा चेहरा पाहिला.

"नाही," तो मोठ्याने म्हणाला. "मी कधीच ठेवत नाही."

"मग असं होतेच कसं?"

"माल हलका असन बेअरिंगचा."

भागवतने मान हलवली. गाडी जुनी, दुरुस्ती म्हणजे नाकापेक्षा मोती जड, भंगारात घाला, असं त्याने सांगितलं आणि दुसऱ्या कामाला लागला. माझ्या बिचाऱ्या जोडीदाराला हलका माल ठरवलं गेलं. तरी मी मोतीरामला माफ केलं. आपल्यामुळे गाडी गेली, हा घोर पोरीच्या जिवाला लागू नये म्हणून तो खोटं बोलला.

घरी मात्र त्याचं तोंड उघडलं नाही. गाडी अंगणात आणून ठेवली होती, दार उघडंच, मला सगळं ऐकू येत होतं. शेषराव म्हणाले, "गाडी बसली ना? मग झालं. पोरीले आता घरी बसव. मोताळ्याचं एक स्थळ आहे मह्या पाहण्यात."

अर्पिता म्हणाली, "मोठे बाबा, थोडेच महिने राह्यले. मी एसटीनं जातो."

कौशल्याबाई आतून म्हणाली, "जाऊ द्या ना तिले."

मग सगळे मोतीरामकडे पाहू लागले. मीही पाहत होतो. भागवतसमोर कसा ठणठणीत बोलला होता हा माणूस. आता एक शब्द पुरे होता, तोच शब्द, नाही. मोतीरामने जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाला, "दादा म्हणते तसं."

मित्रांनो, आमच्यासारख्यांनी गोष्टीच्या शेवटी काहीतरी शिकवायचं असतं. म्हणून सांगतो. गाडी कुरकुरली तर तिच्यावर खेकसू नका, तेल ओतून तिला गप्प करू नका. आपला पाय कुठे आहे ते आधी पाहा. रोज पाहा. आणि घरात कोणी कुरकुरलं तर तेही ऐकून घ्या. एवढं केलंत तरी खूप झालं. मोतीरामचं घर काही यातून सावरणार नाही, ते मला ठाऊक आहे.

भंगारवाल्याचा ट्रॅक्टर आला त्या दिवशी अर्पिताची बोलणी पक्की होऊन आठवडा झाला होता. ट्रॅक्टरला दोर बांधेपर्यंत ती ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसली. कधी नव्हे ते तिने मला आपल्या पायाने दाबलं. मी खाली गेलो, वर आलो. माझ्यापलीकडे आता काहीच जोडलेलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "आता आवाज नाही येऊन राह्यला."

मोतीराम दोराची गाठ आवळत होता. त्याने मान वर केली नाही.

"हाव," तो म्हणाला. "उतर आता."