उजवीकडच्याला आधी

आमच्या ह्यांनी सांगलीच्या आरटीओत एकतीस वर्षं काढली आणि त्यातली निम्मी लोकांना नापास करण्यात घालवली. 'महिन्याने पुन्हा या' हे वाक्य ते इतक्या गोड आवाजात म्हणत, की माणूस आधी थँक्यू म्हणे आणि फाटकाबाहेर गेल्यावर शिव्या देई. मी त्या घरातच दिल्या, कारण १९८१ साली त्यांनी मलाही नापास केलं होतं. फियाट मी झकास चालवली होती. माझी चूक काय, हे मला कधीच कळलं नाही. मग मी पुन्हा गेलेच नाही. सव्वीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून पुढचा रस्ता बघितला.

तर २००७च्या जूनमध्ये आम्ही प्रतिमाकडे, आमच्या लेकीकडे, मिशिगनमधल्या नोव्हायला सहा महिन्यांसाठी आलो. लेक-जावई सकाळी ऑफिसला गेले की घरात आम्ही दोघं आणि फ्रिजचा आवाज. बस नाही, रिक्षा नाही, चालत जावं तर फुटपाथ मध्येच संपतो. आठ दिवसांत हे खिडकीशी उभं राहून जाणाऱ्या गाड्यांचे नंबर मोठ्याने वाचायला लागले. दहाव्या दिवशी त्यांनी आपलं इंटरनॅशनल परमिट प्रतिमापुढे ठेवलं.

"जावईबापू कारपूल करतात, त्यांची गाडी गॅरेजमध्ये पडून असते. मला किल्ली दे. नाहीतर सहा महिन्यांत वेड लागेल मला."

"बाबा, पुढच्या चौकात आता नवीन राउंडअबाउट केलाय, वर्तुळात फिरून जायचं. इथले लोकसुद्धा कन्फ्यूज होतात. आधी टेस्ट द्या, मग किल्ली."

"टेस्ट? माझी?"

मला इतकं हसू आलं की हातातली कढी सांडली. मी म्हटलं, मीही येणार. प्रतिमा म्हणाली, "मग मार्क तूच दे, आई."

रविवारी सकाळी निघालो. हे स्टिअरिंगवर, शेजारी प्रतिमा, मागे परीक्षक. ह्यांनी आरसा तीनदा नीट केला आणि व्याख्यान सुरू केलं.

"वर्तुळाचा नियम एकच. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. एकतीस वर्षं हाच प्रश्न विचारला मी."

"बाबा, पण इथे..."

"ठाऊक आहे, इथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात. बाजू बदलली म्हणून नियम बदलत नाही."

राउंडअबाउट आला. मधोमध हिरवळ आणि पिवळी फुलं. ह्यांनी उजवीकडे बघितलं. कुणी नव्हतं. गाडी आत घातली. डावीकडून येणाऱ्या पिकअप ट्रकने करकचून ब्रेक दाबला आणि ड्रायव्हरने हात वर केला. ह्यांना वाटलं नमस्कार केला. ह्यांनीही केला.

पुढच्या फाट्यावर पांढऱ्या गाडीत एक म्हातारी थांबली होती. ती उजवीकडे! हे भर वर्तुळात थांबले, काच खाली केली आणि हाताने 'या, या' म्हणाले. ती म्हणाली, तुम्ही. हे म्हणाले, छे, तुम्ही.

"बाबा, मूव्ह! राइट ऑफ वे तुमचा आहे, आधी तुम्ही जायचं!"

"उजवीकडून आल्यात त्या."

त्यानंतर चर्चला निघालेली व्हॅन. तिलाही मान दिला. आतल्या सगळ्या मुलांनी हात हलवले. या आदरातिथ्यात आमचा फाटा निघून गेला आणि दुसरी फेरी सुरू झाली.

मी फुलांकडे बघत होते. देवळात आपण देव उजव्या हाताला ठेवून फिरतो. इथे फुलं डाव्या हाताला होती. सगळंच उलटं फिरत होतं. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"अहो! आपल्याकडे वर्तुळातली गाडी उजवीकडून येते, म्हणून उजवीकडच्याला आधी! इथे उलटं फिरतात. आतली गाडी डावीकडून येते. शिरताना डावीकडे बघायचं, आणि आत आल्यावर कुणासाठी थांबायचं नाही!"

"एक्झॅक्टली!" प्रतिमा ओरडली.

हे सिग्नल देऊन बाहेर पडले आणि एका बंद पडलेल्या दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी थांबवली. कपाळ घामाने भिजलं होतं.

"मग?" त्यांनी विचारलं. लेकीला नाही, मला, आरशातून. पास म्हटलं तर किल्ली, नापास म्हटलं तर ती खिडकी. मला त्यांची दया आली, आणि त्या दयेचा रागही आला.

"आधी सांगा, एक्याऐंशी साली माझं काय चुकलं होतं?"

"काही नाही. अख्खं ऑफिस बघत होतं. बायकोला पास केलं, म्हणाले असते."

"बाबा!" प्रतिमा म्हणाली.

"महिन्याने आमच्या ऑफिसातले जाधव टेस्ट घेणार होते. सांगून ठेवलं होतं मी. दर सोमवारी यादीत तुझं नाव शोधायचो. तू आलीच नाहीस."

"हे घरी सांगता येत नव्हतं?"

"नियमात बसत नव्हतं."

मला भयंकर संताप आला आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. पदराने पुसले, आवाज शक्य तितका गोड केला.

"शिरताना डावीकडे बघितलं नाहीत. वर्तुळात दोनदा थांबलात. महिन्याने पुन्हा या."

"आई, सीरियसली?"

ह्यांनी किल्ली काढली आणि मागे वळून माझ्या हातात ठेवली. "येणार," ते म्हणाले. "तुझ्यासारखा रुसून बसणार नाही. आणि हे पार्किंग तर रिकामंच आहे. महिनाभर इथे तू चालव, मी शिकवतो."

"तुम्ही शिकवणार? मग मी नापासच."

परतताना प्रतिमाने गाडी चालवली आणि हे मागे माझ्याशेजारी बसले. राउंडअबाउट आला, तेव्हा आम्ही दोघांनी एकदमच डावीकडे बघितलं.