वादळात आठ

“झालं!” लेक ओरडली आणि बाबांनी भिंगावर झाकण बसवलं.

वाऱ्याने तिचा अर्धा आवाज दरीत नेला होता, पण बाबांचा हात वेळेवर हलला. उलटी होऊ पाहणारी मोठी काळी छत्री तिने कशीबशी सावरली आणि दुसऱ्या हातातलं स्टॉपवॉच डोळ्यांजवळ आणलं. आठ सेकंद. पोहण्याच्या तलावावर पोरांना शिकवण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं; बाबा तिला कोचच म्हणत. थंडीने बोटं बधिर झाली तरी तिचा अंगठा चुकत नसे.

“आठ?” बाबांनी विचारलं.

“बरोब्बर आठ.”

“बघू मग,” ते म्हणाले, आणि काळ्या कापडाखालून डोकं बाहेर काढून समोरच्या डोंगराकडे असे बघत राहिले की जणू त्यानेच काहीतरी लपवून ठेवलंय.

डोंगर दिसत होता आणि नव्हताही. बर्फाचे झोत आडवे येत होते, मध्येच कडा उघडा पडायचा, मध्येच सगळं पांढरं. अशा हवेत शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. बाबा मात्र गेली चाळीस वर्षं अशीच हवा शोधत आले होते. लाकडी कॅमेरा, चामड्याचा भाता, पाठीवर तिपाई आणि भिंगाचं तोंड टाचणीच्या डोक्याएवढं बारीक करून लांबलचक एक्स्पोजर, म्हणजे झाकण काढून भिंग कितीतरी सेकंद उघडं. तेवढ्या वेळात उडणाऱ्या बर्फाला कुठेच थांबायला सवड मिळत नाही, म्हणून तो फिल्मवर उमटतच नाही. उमटतो फक्त डोंगर, कारण तो हलत नाही. लोक ते फोटो पाहून विचारायचे, “इतका शांत दिवस तुम्हाला मिळाला कसा हो?” यावर बाबा काही बोलत नसत. घरी आल्यावर मात्र आई आणि ते पोट धरून हसत.

ही मोजणी आईची होती. छत्री भिंगावर धरायची, पण फोटोत येऊ द्यायची नाही, आणि मोजायचं. बाबा स्वतः मोजत नसत. मोजायला लागलो की ढग दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते उजेड मोजायचं मीटर बघत, झाकणावर हात ठेवत आणि म्हणत, “आठ.” वादळात नेहमी आठ. भिंगाचं तोंड ते तसंच जुळवून घेत. आई गेली त्याला तीन वर्षं झाली होती.

त्यानंतरचे दोन हिवाळे बाबा एकटेच येऊन गेले, छत्री तिपाईला बांधून आणि मनगटावरचं घड्याळ बघत. दोन्ही वर्षी एकही फोटो धड आला नाही. मग त्यांनी कॉलेजातल्या प्राध्यापकांना पत्र लिहिलं, की कॅमेरा तुमच्या काचेच्या कपाटासाठी घेऊन जा. प्राध्यापक सोमवारी यायचे होते. ते पत्र लेकीला टेबलावर सापडलं, तेव्हा तिने तलावावर चार दिवसांची रजा टाकली आणि म्हणाली, एकदा मी मोजते, मग काय करायचं ते करा. त्यातला हा दुसरा दिवस होता.

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या खोलीत मागच्या बाजूला लाकडं ठेवायची एक बिनखिडकीची कोंदट जागा होती. बाबा फिल्म तिथेच धूत, त्याच दिवशी, त्याच कपड्यांत. वादळातलं काम घरी नेलं की शिळं होतं, हा त्यांचा जुना हट्ट. लेक दाराबाहेर बसून बुटांतला बर्फ काढत राहिली. आत ताटल्यांमधलं पाणी हलल्याचा आवाज येत होता. मग बराच वेळ तोही आला नाही.

बाबा ओली फिल्म कोपऱ्याला धरून खिडकीपाशी आले. तिलाही कळलं. कड्याची रेघ होती, पण खालचे खडक, घळी, झाडांची रांग, कशाचा पत्ता नव्हता. नुसती काच असावी तशी फिल्म.

“पातळ,” बाबा म्हणाले. “पुन्हा पातळ. उजेडच पुरलेला नाही.”

“औषध गार पडलं असेल.”

“औषध गरम केलं होतं.”

“मग फिल्म जुनी असेल. दुकानदाराने माथी मारली असेल.”

“तीन वर्षं तीन दुकानदार माथीच मारतायत काय गं?” त्यांनी फिल्म दोरीला लावली. “नजर गेली माझी, कोच. उजेड कळेनासा झालाय. त्यात एवढं लाजण्यासारखं काय आहे? सोमवारी तो माणूस येतोय ते बरंच आहे.”

ते इतक्या सरळ आवाजात म्हणाले, की तिला रडू आलं आणि रागही आला. कोणत्या गोष्टीसाठी आपण आता भांडायला हवं तेच तिला कळेना. तिने चहाचं आधण ठेवलं.

चहा पिताना खिडकीबाहेर वारा चालूच होता. बाबा कपात बघत बसले होते. मग आपणहून म्हणाले,

“तुझ्या आईला पहिल्या हिवाळ्यात इथे आणली ना, तेव्हा तिने काय केलं माहितीये? तिपाईसमोर ही अशी ताठ उभी राहिली. शाळेत उभी राहायची तशी.”

आई बालवाडीत शिकवायची. गल्लीतली निम्मी माणसं तिच्याकडे आकडे शिकलेली. मोठी होऊन दाढ्या आल्या तरी रस्त्यात तिला पाहून सिगारेट पाठीमागे लपवायची.

“मी म्हटलं आठ. मी झाकण काढलं. आणि ही,” बाबांनी कप खाली ठेवला, पाठ ताठ केली, हनुवटी वर उचलली आणि हुबेहूब आईच्या खणखणीत आवाजात सुरुवात केली, “एक...”

ते थांबले. खोलीत कोणीतरी काहीतरी म्हणायचं आहे असं वाटावं, तेवढे थांबले.

“दोन...”

लेकीच्या गळ्यात स्टॉपवॉच होतंच. कोणी मोजायला लागलं की तिचा अंगठा आपोआप बटणावर जायचा, ही तलावावरची खोड. तो गेला होता. बाबा रंगात आले होते. तीन म्हणताना त्यांनी एक बोट नाचवलं, पाचाला कोपऱ्यातल्या कुणा अदृश्य वांड पोराकडे डोळे वटारले. लेक हसली. सातला तिचं हसू थांबलं, कारण सात म्हणताना आई नेहमी स मोठा करायची, आणि तो त्यांनी तसाच मोठा केला होता.

“आठ. शाब्बास!”

लेकीने सहज खाली पाहिलं. सोळा सेकंद झाले होते.

ती पुन्हा बघत राहिली. मग तिला समजलं. लहानपणी तीसुद्धा त्याच वर्गात सतरंजीवर बसलेली होती. बाई म्हणणार एक, पोरं ओरडणार एक. बाई म्हणणार दोन, पोरं ओरडणार दोन. वर्षानुवर्षं आई पोरांसाठी मध्ये जागा सोडत आली होती. डोंगरावर पोरं नव्हती, पण जागा सुटतच होती. तिचे आठ म्हणजे सगळ्या जगाचे सोळा. बाबांची नजर कुठेही गेलेली नव्हती. ते फक्त बायकोच्या आकड्यांत बोलत होते आणि लेक घड्याळाच्या.

चाळीस वर्षं तुमची बायको चुकीचं मोजत होती, असं ती कोणत्या तोंडाने सांगणार होती? आणि तेही आत्ताच, तिला त्यांनी खोलीत आणून उभी केल्यावर? तिने स्टॉपवॉच शून्यावर आणलं आणि कप विसळायला उचलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा आणखी चढला होता. बाबा येतो-नाही येतो करत होते, पण तिने तिपाई खांद्यावर टाकली आणि चालू लागली, तेव्हा मागे यावंच लागलं. वर पोचल्यावर त्यांनी तिपाईच्या पायांना दगड लावले, कापडाखाली गेले, बाहेर आले, मीटर पाहिलं. ढग फाटण्याची वाट बघत ते बराच वेळ उभे राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसत नव्हते.

“आठ,” ते म्हणाले, आणि झाकण काढलं.

छत्री दोन्ही हातांनी धरून लेक घड्याळाकडे बघत राहिली. आठ झाले, तिने ओठ मिटून घेतले. दहा. बारा. आपल्याच बापाला आपण फसवतोय, हे तिला आकड्यागणिक कळत होतं. बाबांचा हात झाकणासकट हवेत होता, जराही न हलता.

“झालं!”

झाकण बसलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. आज त्यांनी किती झाले ते विचारलंही नाही.

ती फिल्म घेऊन ते लाकडांच्या जागेतून बाहेर आले, तेव्हा लेक आधीच खिडकीपाशी जाऊन उभी होती. फिल्म भरलेली होती. घळीतला प्रत्येक दगड होता. झाडं मोजता आली असती. वर ढग मऊ पसरलेला, आणि त्याखाली कडा असा उभा की वारा म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नसावं.

“बाबा! आलं की!” ती जवळजवळ नाचलीच. “बघा, नजर कुठे गेलीय? उगाच आपलं सोमवार-सोमवार लावलंय.”

बाबा फिल्म बघत होते.

“किती मोजलेस?”

“आठ.”

“कोच.”

“आठच हो.”

“खोटं बोलायचीस तेव्हा लहानपणीही अशीच भराभर बोलायचीस.” त्यांनी फिल्म दोरीला अडकवली, चिमटा नीट बसला का ते पाहिलं. “सोळा मोजलेस.”

ती दोरीवरच्या फिल्मकडे बघू लागली. मग म्हणाली, “तुम्हाला कसं कळलं?”

“मी मोजत होतो ना.”

“तुम्ही तर मोजत नाही. ढग दिसत नाही म्हणता.”

“सगळे नाही मोजत. ती म्हणायची एक. मग मध्ये ती जागा सोडायची. तिथे मी म्हणायचो एक. मनात. ती दोन, मी दोन.” ते बाकावर बसले. “पहिल्याच हिवाळ्यात कळलं होतं मला. मीटरने सोळा दाखवले, मी तिला सोळा सांगितले, तिचे सोळा म्हणजे बत्तीस झाले आणि जास्तीच्या उजेडाने फिल्म काळी ठिक्कर आली. तिला म्हटलं असतं तर ती दुसऱ्या दिवसापासून घड्याळ घेऊन उभी राहिली असती. मग मी आठ म्हणायला लागलो. आठ तिचे, आठ माझे.”

“म्हणजे मीटर अजूनही...”

“सोळाच दाखवतं. बिचाऱ्याचा काय दोष!”

लेक त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. बाहेर एक फांदी पत्र्यावर घासत होती.

“मग तीन वर्षं तुम्ही आठ का सांगताय? माहीत असून?”

“पहिल्या वर्षी सवयीने आलं तोंडात. घरी जाऊन लक्षात आलं. दुसऱ्या वर्षी ठरवून आलो होतो, की सोळा म्हणायचं.” ते हातमोज्याचा उसवलेला टाका ओढत राहिले. “नाही म्हणवलं. आठ म्हटलं की कसं, ती छत्रीखाली आहे. सोळा म्हटलं की संपलं. मग म्हटलं जाऊ दे, पातळ तर पातळ. लोकांना सांगावं नजर गेली. नजर गेली म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही.”

“मलाही तेच सांगितलंत.”

“तुला तर आधी सांगितलं.”

आई तिचीही गेली होती, हे त्यांना आठवण करून द्यावंसं वाटलं. पण त्यांनी टाका ओढून ओढून हातमोजा पार उसवला होता, आणि ते पाहिल्यावर तिला ते म्हणता आलं नाही. तिने हातमोजा काढून घेतला.

“अजून उजेड आहे तासभर,” ती म्हणाली. “ढगही हलतोय. चला.”

“आता कशाला? आला ना एक.”

“तो माझ्या लबाडीने आला. तुमचा कुठे आलाय?”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

वर पोचेपर्यंत बर्फ गुडघ्याएवढा झाला होता. उजेड उतरत होता, निळसर, बाबांना आवडायचा तसा. सगळी मांडामांड झाल्यावर त्यांनी मीटर पाहिलं आणि खिशात टाकलं. लेकीने स्टॉपवॉच हातात घेतलं होतं.

“ते ठेव,” बाबा म्हणाले. “तोंडाने मोज. मला ऐकू येईल असं.”

“किती?”

ते ढगाकडे बघत होते. ढग कड्यावरून सरकला, कडा पूर्ण उघडा झाला, तरी ते काही बोलले नाहीत. ती थांबली.

“सोळा,” बाबा म्हणाले.

झाकण निघालं.

“एक,” ती मोठ्याने म्हणाली. “दोन. तीन.” तिने मध्ये जागा सोडली नाही. तलावाच्या काठावर मोजायची तशी ती सरळ, एकसारखी मोजत गेली. छत्री हिसके देत होती. बाबांचे ओठ हलत होते, पण ते मागे पडत होते. ती पाचावर होती तेव्हा त्यांचे ओठ अजून तिनावर होते. मग ते हलायचे थांबले. “सहा. सात.”

“आठ.”

बाबांचा हात आपोआप पुढे गेला. झाकण भिंगापासून चार बोटांवर आलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडं, कोणी पुढचं सांगायची वाट बघणाऱ्या पोरासारखं.

“नऊ,” लेक म्हणाली.