महालिंगची न्याहारी

हे लिहिणारच नव्हतो. तीनदा कागद चढवला अन् तीनदा काढला. मी ज्यांच्या हाफिसात कामाला हाय ते दिनकरराव वकील कोर्टात गेलेत, त्यांचा टाइपराइटर मोकळा हाय. माझा मीच शिकलोय, दोन बोटांनी. महालिंग परवा हैदराबादहून येणार, एवढंच कार्ड आलंय. जेवतो का न्हाई, ते लिहिलं न्हाई. तो यायच्या आत हे कागदावर उतरलं पायजे. तोंडानं सांगायला गेलो तर पुन्हा खोटंच बोलन.

महालिंग माझा दोस्त, सोनपेठचा, लिंगायत. हैदराबादला युनिव्हर्सिटीत इंटरला हाय. मी झरीचा, माझी शाळा चौथीतच सुटली. त्याची पुस्तकं वाचून जे आलं ते आलं. सोमवारी त्याचा पयला पेपर होता. घरी लय गलका म्हणून बुधवारी रात्री तो परभणीला माझ्या खोलीवर आला, अभ्यासाला. रविवारची गाडी धरणार होता.

गुरुवारी सकाळी घरमालकीण धुरपताबाईनं भाकर, ठेचा अन् दही आणून ठेवलं. महालिंग भिंतीकडं तोंड करून पडलेला.

"ऊठ की. न्याहारी कर."

"सकाळचं खात न्हाई मी. होस्टेलात कुणीच खात न्हाई. रात्रभर जागायचं, उशिरा उठायचं, पळत क्लासला जायचं. सवयच मोडली."

दारातनं धुरपताबाई म्हणली, "शिकून शिकून भूक बी इसरायलेत का माणसं? आमचा बैल अडाणी बिचारा, कडबा न्हाई टाकला की हंबरतो."

तो हसला. भाकर झाकलेली तशीच राह्यली. संध्याकाळी म्हणला, बाहेर खाऊन आलो. मी खरं धरलं.

शुक्रवारी तेच. डोळे लाल. पहाटे मला जाग आली तर हा वळकटी सोडून बसलेला. पुस्तक शोधायलाय वाटलं. मी म्हणलं बी, "युनिव्हर्सिटीत झोप बी बंद केली का रे?"

शनिवारी दुपारी मी हाफिसातनं आलो तर महालिंग रांजणापाशी पडला होता. मी गुळाचं पाणी केलं, तोंडाला लावलं. त्यानं दात आवळले.

"नको, भुजंग. लिंग हरवलंय."

त्यांच्यात गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असतं. त्याची पूजा झाल्याबिगर घास तोंडात घालत न्हाईत. आला त्या रात्री दोरा तुटला, म्हणून त्यानं डबी उशाला ठेवली. सकाळी न्हाई. बापाला कळंल म्हणून कुणाला बोलला न्हाई. तीन दिवस नुसतं पाणी.

डबी कुठं हाय, ते मला ठाऊक होतं.

गुरुवारी पहाटे झाडताना ती डबी मला भुईवर दिसली होती. देव पायात नको म्हणून मीच उचलली अन् धुरपताबाईच्या देवघरात ठेवली, खंडोबाच्या टाकाशेजारी. तिला म्हणलं, पाहुण्याचा देव हाय, राहू द्या. हाफिसात गेलो अन् इसरलो. बाई रोज आपल्या देवांसंगं त्यालाबी हळदकुंकू वाहायलीय.

"अन् ते दुसऱ्या कुणी पुजलं असलं तर?" मी इचारलं.

"कोण पुजील? तसं झालं तर सोनपेठला मठात अय्यांना, आमच्या गुरूंना, इचारावं लागंल. त्याबिगर गळ्यात घालता यायचं न्हाई."

सोनपेठला जाऊन यायला दोन दिवस. म्हंजे पेपर गेला, वरीस गेलं.

मी देवघरात जाऊन धोतराच्या सोग्यानं डबी पुसली. धुरपताबाई तांदूळ निवडायली होती. "पुसायलास कशाला? कुंकवानं देव बाटतो का?" म्हणली. मी डबी घेऊन भाईर आलो.

"वळकटीच्या खोळीत अडकलं होतं," मी त्याला सांगितलं.

त्यानं अंघोळ केली, लिंग तळहातावर घेऊन लय वेळ बसला. मग दोन भाकरी खाल्ल्या, सावकाश. खाताना डोळ्यातनं पाणी यायलं होतं. रविवारी सकाळपर्यंत मेल्यावानी झोपला. माझी भाकर मातर झाकलेलीच राह्यली.

स्टेशनवर गाडी लागली. तो चढला, खिडकीपाशी बसला अन् सदऱ्यातनं डबी भाईर काढली.

"भुजंग, कडीत कुंकू हाय. मी भस्म लावतो."

मी दशम्यांचं फडकं पुढं केलं. त्यानं घेतलं न्हाई.

"कुठं होती डबी? मी तिकडं जेवू का नको, तेवढं सांग."

गार्डानं शिट्टी दिली. मी फडकं त्याच्या मांडीवर टाकलं.

"जेव. पाप असलं तर माझं. तू आलास की सगळं खरं सांगन, महालिंग, अन् मठात अय्यांपुढं तुझ्यासंगं मी बी उभा राहीन."