वळूची साखळी

"हिला साखळीच तेवढी चावते. ताटातलं सगळं पचतं," म्हातारी कुंपणापाशी येऊन मला सांगत होती. सांगायचं होतं सुनेला. सून मागे गोठ्यात शेण काढत होती, म्हणून आवाज चढवलेला.

हे सुताराचं घर, आमच्या अगदी शेजारी. सुतार, त्याची आई, बायको आणि एक दांडगा वळू. गावभरच्या गाई त्याच्याकडे यायच्या, त्यामुळे घरात मान त्याचाच. त्याची साखळी चकचकीत मुलाम्याची होती, आणि त्याला सोडणं-बांधणं सुनेच्या वाट्याला.

तिच्या कातडीला धातू सोसत नाही. कानात डूल घातले की पाळ्या चिघळायच्या. बादलीची कडी धरली की एक-दोन दिवसांनी बोटांवर बारीक फोड उठायचे. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, ही निकेलची ऍलर्जी, चकाकत्या वस्तूंत ते असतं, हे जन्मभर राहणार, तेव्हा हात लावू नकोस. म्हातारी म्हणाली, "आम्ही आयुष्यभर हेच धरलं. आमची कातडी काय गेंड्याची होती?"

सुतार मात्र बायकोला जपणारा. बादलीला लाकडी मूठ केली, दाराला लाकडी खिट्टी. शेवटी वळूची साखळी खुंटीला टांगली आणि जाड सुती दावं आणलं.

"दावं टिकेल का रे?" मी विचारलं.

"तिचे हात टिकायला हवेत, काकू."

बोलला ते खरं. पण वळू पहिल्याच दिवसापासून दावं चघळत बसला. उन्हानं माती भाजून निघाली होती, वारा पडलेला, आणि दुपारभर त्याचं ते चघळणं मला इकडे ऐकू यायचं. कुरतडलेल्या जागी सून गाठ मारायची. गाठी वाढत गेल्या, दावं आखूड होत गेलं.

सुतार परगावी कामाला गेला होता तेव्हा ते तुटलं. म्हातारी अंगणात धान्य पाखडत बसली होती. समोर वळू उभा, मान खाली, खुरानं माती उकरतोय. गुडघ्यांमुळे तिला उठता येईना. मी कुंपणाशी होते, तिथूनच सुनेला हाका मारल्या.

सून गोठ्यातून आली ती साखळी घेऊन, उघड्या हातांनी. फडकं गुंडाळायला वेळ कुठला! "चल राजा, चल," म्हणत बाजूनं गेली, गळ्यात साखळी अडकवली आणि दुसरं टोक खांबाला गुंडाळलं. वळूनं हिसडे दिले. ती पाय रोवून दोन्ही मुठींनी ओढून राहिली, रस्त्यावरची माणसं धावत येईपर्यंत.

आता तरी सासू तिला जवळ घेईल, असं मला वाटलं. म्हातारी पाणी प्याली. मग तिनं सुनेचे हात धरले, उलटेपालटे केले आणि जमलेल्यांना दाखवले.

"बघा. आहे एक तरी फोड? मी काय सांगत होते?"

हातांवर वळ होते, फोड नव्हते. "ते लगेच येत नाहीत," मी म्हणाले. पण लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. कुणीतरी हसलंसुद्धा.

सुतार आला. दाव्याचे तुकडे बघितले, आईकडे बघितलं. "आता साखळीच राहू दे," एवढंच म्हणाला. आई मरता मरता वाचलेली, तो तरी काय बोलणार?

दोन दिवसांनी सुनेचे तळवे सुजले, फोड फुटून पाणी वाहू लागलं. तेव्हा बघायला कुणी जमलं नाही. म्हातारी म्हणाली, साबण लागला असेल.

सुतार पुन्हा कामावर गेला. आता रोज संध्याकाळी साखळीचा आवाज येतो. सकाळी कुंपणावर सुनेची फडकी वाळत असतात, डागांनी कडक झालेली.

काल मी तिला म्हटलं, "नवऱ्याला सांग ना हात दाखवून."

"साखळी धरताना सगळ्यांनी बघितलंय, काकू. आता काय सांगू?" तिनं बोटं मिटून बघितली. बोटं अर्ध्यातच थांबली. "मूठ वळत नाही आता. कालपासून साखळी सुटते हातातून."

मग गोठ्यातल्या वळूकडे बघत हळूच म्हणाली, "आणि त्याला ते कळलंय."