चौथं माणूस

“आजी, हा लेडी प्रत्येक फोटोत का आहे? फॅमिली आहे का?”

ईशिताचं मराठी असंच, पण मुलगी गोड. इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या लायब्ररीत इथल्या जुन्या मराठी कुटुंबांच्या फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं. त्यासाठी ती मधुमतीबाईंच्या घरी बसून त्यांचे अल्बम स्कॅन करत होती.

“फॅमिली कसली! शेजारच्या डोरीनबाई त्या. तिघांचा फोटो काढू नये म्हणतात ना आपल्यात, त्यातलं एक जातं. आम्ही पडलो तिघंच. हे, मी आणि आमचा नकुल. मग कॅमेरा निघाला की मी कुंपणावरून ओरडायची, डोरीन, कम फॉर फोटो!”

डोरीनबाई बिचाऱ्या हातातलं काम टाकून यायच्या. त्या नसल्या तर मधुमतीबाई दिसेल त्याला ओढायच्या. समुद्रावरच्या फोटोत आइस्क्रीमवाला होता, दारातल्या फोटोत पोस्टमन. टायमर लावून धावत येणारे श्रीकांतराव वैतागायचे, “अगं, लोक हसतात!” हसोत बापडे. आपलं माणूस राहिलं म्हणजे झालं.

“नकुल अंकल आता कुठे राहतात?”

मधुमतीबाईंनी अल्बमचं पान उगाच सारखं केलं.

“गेला गं. नऊ वर्षांचा होता. एवढं जपलं, तरी साध्या तापाने गेला.”

ईशिताने हातातला फोटो खाली ठेवला. मधुमतीबाईच पुढे म्हणाल्या, “त्याचं दुःख आहेच. पण हे गेल्या वर्षी गेले ना, शेवटी सारखे म्हणायचे, आपल्या तिघांचाच एखादा फोटो दाखव. कुठून दाखवू? मीच एकही काढू दिला नव्हता.”

“आजी, मी हा लेडीला क्रॉप करू? मग फक्त तुम्ही तीन राहतील.”

मधुमतीबाईंनी चटकन फोटोवर हात ठेवला. इतक्या वर्षांची भीती, ती काय लगेच जाते? मग त्यांचं त्यांनाच रडू आलं.

“कर बाई. तिघांतली मी एकटीच उरलेय. आता कोण जायचंय?”

दुसऱ्या दिवशी ईशिता प्रिंट घेऊन आली. बागेत तिघं उभी होती, उन्हाने डोळे बारीक केलेली. नकुलच्या खांद्यावर मात्र डोरीनबाईंचा हात तसाच होता.

“सॉरी आजी, हात काढला तर नकुल अंकलचा शोल्डर पण जातो.”

“राहू दे. फार माया होती त्यांची.”

ईशिता गेल्यावर मधुमतीबाईंनी तो फोटो श्रीकांतरावांच्या तसबिरीसमोर उभा केला, नीट दिसेल असा.

“अहो, हा घ्या,” त्या म्हणाल्या. “मागत होतात ना?”