होडीवरची सलामी

“म्होरं लावा म्हनतोय न्हवं! जीपला म्होरं, ट्रॅक्टरला म्होरं, बैलाच्या शिंगालाबी म्होरंच. होडीलाच काय शेपटीला व्हय?”

“व्हय, शेपटीलाच,” नाथाजी म्हणाला. “पान्यावरचा रिवाज हाय त्यो. झेंडा मागं. म्होरं लावला तर बंदरावर हसत्यात.”

“हितं कुठलं बंदर आलंय रं?”

“बंदर न्हाई, पर झेंडा त्योच हाय न्हवं?”

यावर आकाराम पाटकऱ्यानं झेंड्याचा बांबू उचलला. बांबू होडीच्या मागच्या अंगाला गेला.

चौऱ्याहत्तर सालची सव्वीस जानेवारी. बंधाऱ्यामागे कृष्णेचं पाणी इतकं निवांत होतं, की एका म्हशीनं त्यात स्वतःचं तोंड पाहिलं आणि लाजून मान फिरवली. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा. होडी लालासाहेबांची, म्हणजे आमच्या पाणीपुरवठा सोसायटीच्या चेअरमनची. निळी, चार माणसांची. तिच्यातून ना वाळू येई, ना मासे. विश्रामबागेतले शहरी पाहुणे रविवारी आले की त्यांना पाण्यात फिरवायचं, एवढंच तिचं काम. आणि ती वल्हवायला नाथाजी.

नाथाजी तरुणपणी मालवाहू जहाजावर होता. कोण होता? भंडारी. म्हणजे खलाशांचा आचारी. कालवणात मीठ कमी पडलं की तो म्हणे शिडीवरून उतरून दर्यात पळी बुडवायचा. हे त्याचं सांगणं. मी भर घातली ती फक्त शिडीची. पण दर्यावरच्या रीतीभाती मात्र त्यानं खरोखर पाहिल्या होत्या. त्या काळात साध्या माणसाला झेंडा लावायची मुभा वर्षातल्या मोजक्या दिवशीच होती, आणि तो दिवस आला की नाथाजीच्या अंगात यायचं. सुलाबाई हळदीकुंकू घेऊन आली तर त्यानं हात आडवा धरला. “होडीच्या नाकाला लाव बाई. झेंड्याला बोट लावू नगंस.” कुणीतरी बांबूवर भगवी पताकाही बांधली होती, ती त्यानं सोडली, डोक्याला लावली आणि देवळात पाठवून दिली.

एवढ्यात लालासाहेब आले.

“नाथाजी, तू सांगतोस न्हवं, लढाऊ जहाज म्होरं आलं की तुमची बोट झेंडा खाली करून सलाम करायची?”

“व्हय, साहेब. निम्म्यावर आनायचा, मग वर.”

“मग आज करून दाव. मी बंधाऱ्यावर खुर्चीत बसतो. होडी समूर आली की वाकव.”

नाथाजी चाचरला. “त्ये जहाजापुढं असतंय साहेब. मानसापुढं न्हाई वाकवत.”

“आरं, मी काय कमी लढलोय? दोन विलेक्शनं!” सगळे हसले. लालासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. “दावा की गावाला, कॅप्टन!”

कॅप्टन. जहाजावरची सारी वर्षं ‘ए भंडारी’ ऐकलेला माणूस तो. त्याची मान वीतभर लांब झाली. त्यानं वल्हं उचललं.

बंधाऱ्याच्या भिंतीवर खुर्ची. खुर्चीमागे सतरंजीवर फौजेतल्या माणसांच्या घरचे. त्यांत राहीबाई. तिचा एकुलता ज्ञानू एकाहत्तरच्या लढाईत गेला. त्याची ट्रंक घरी आली, तो आला नाही.

होडी खुर्चीसमोर आली. नाथाजीनं वल्हं आत घेतलं, बांबू खोबणीतून उपसला आणि पुढे झुकवला. कापड पाण्याच्या वर हातभर राहिलं आणि तिथंच थांबलं.

आता आम्ही पडलो जोतिबाच्या मुलखातली माणसं. जत्रेतली उंच सासनकाठी देवापुढे वाकलेली पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली. काठी वाकली की तोंडातून जे निघतं, तेच घाटावर जमलेल्या साऱ्या गावाच्या तोंडातून निघालं.

“चांगभलं!”

लालासाहेबांचा हात आपोआप आशीर्वादासारखा वर गेला. गुलाल-खोबरं तेवढं उधळायचं राहिलं.

ते ‘चांगभलं’ कानावर पडलं आणि नाथाजीला कळलं, आपण काय केलं ते. त्यानं बांबू झटकन सरळ केला. पण वाकला तो वाकला. किनाऱ्याला लागेपर्यंत त्यानं खालचं तोंड वर केलं नाही. जिलेबी वाटली तिकडेही तो फिरकला नाही. पंपाच्या खोपटामागे जाऊन बसला.

दुपारी राहीबाई त्याला हुडकत तिथं आली.

“भावजी, हितं का दडलाय? ज्ञानूसाठी वाकिवलासा न्हवं?”

“आँ?”

“आमी मागंच बसलो हुतो. समद्या गावानं माज्या लेकराचं चांगभलं केलं. त्यो गेल्यापास्नं कुनी नावबी घेत न्हाई वो त्याचं.” तिनं पदरानं नाक पुसलं. “पर माजं डोळं भरलं, धड दिसलं न्हाई. दिस बुडायच्या आदी एकडाव पुन्यांदा दावा की. माज्या एकटीला.”

नाथाजीला ‘न्हाई’ म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, “बरं, वैनी.”

दिवस कलला. घाट रिकामा झाला होता. राहीबाई खालच्या पायरीवर बसली होती. होडी तिच्यासमोर आली. नाथाजी उभा राहिला, त्यानं बांबूला हात घातला आणि हात तिथंच राहिला. एरवी अशा जागी मी चार मगरी तरी सोडल्या असत्या. पण घडलं ते इतकंच, की त्यानं बांबूवरचा हात काढला, डोक्यावरची टोपी काढली आणि तो स्वतः वाकला. कपाळ होडीच्या काठाला टेकेपर्यंत वाकला. वर झेंडा सरळ उभा. होडी आपली आपण सरकत राहिली, आणि हा तसाच.

काठाला लागल्यावर राहीबाई म्हणाली, “निशान न्हाई वाकलं.”

“मानसापुढं न्हाई वाकवत्यात, वैनी.” नाथाजी गुडघाभर पाण्यात उभा होता. “सकाळी मी वाकिवलं. त्ये ज्ञानूसाठी न्हवतं. लालासाहेबांसाठी हुतं.”

राहीबाई पायरीवरून उठली.

“मगाशी का न्हाई सांगितलंसा?”

“जीभ उचलली न्हाई.”

“ज्ञानूसाठी आसतं, तर आदी घरला येऊन सांगितलं आसतंसा,” ती म्हणाली. “मीच येडी. माजं माजंच काय बी धरून बसले.”

सूर्य टेकला होता, झेंडा उतरायला हवा होता. नाथाजीनं गाठी सोडल्या, पण एका हातानं होडी धरून दुसऱ्यानं कापड सावरताना एक कोपरा पाण्याकडे लोंबू लागला. राहीबाईनं ते पाहिलं. लुगड्याचा ओचा वर खोचला आणि पाण्यात उतरून तिनं तो कोपरा वरच्यावर धरला.

लुगड्याची घडी दोघींनी घालावी तशी दोघांनी घडी घातली. कोपऱ्याला कोपरा, काठाला काठ. प्रत्येक घडीला ती एक पाऊल जवळ येत गेली. अगदी समोर आली तरी तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. आपल्या हातातले कोपरे त्याच्या हातात दिले, सुटू नयेत म्हणून त्याचा अंगठा त्यांवर दाबून ठेवला आणि पायऱ्या चढून गेली.

दोन्ही तळहातांवर झेंड्याची घडी धरून नाथाजी पाण्यात उभा राहिला. न बांधलेली होडी त्याच्या मागून हळूहळू प्रवाहाकडे निघाली होती. त्याला ते कळत होतं. पण तिला धरायला हात मोकळा नव्हता.